येळवस, येन्नायर आणि फसली साल

परभणी जिल्ह्यात वर्ष कधी सुरू होतं? कुणाला विचारता त्यावर उत्तर ठरतं. देवळातला गुरव पाडवा सांगेल. शाळेतली मुलगी जून म्हणेल, पतसंस्थेतला कारकून १ एप्रिल म्हणेल. तलाठ्याच्या दप्तरातलं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं. एखादा म्हातारा शेतकरी म्हणेल, मिरग निघाला की वर्ष लागलं. आणि ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी, परभणी हैदराबाद संस्थानात होतं तेव्हा, कचेरीतल्या कागदावरचं साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं. त्या महिन्याचं नाव होतं आजुर.

एकाच जिल्ह्यात इतकी नवी वर्षं का, हा प्रश्न मला जानेवारी २०२४ मध्ये पडला. माझं लहानपण रत्नागिरीचं, लाल मातीतलं. काळी माती मी रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेली. पुण्यातल्या एका मैत्रिणीचं आजोळ गंगाखेड तालुक्यात, लातूर जिल्ह्याच्या हद्दीजवळ. ती म्हणाली, "येळवशीला चल. एकदा बघच." येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतला हा मोठा सण. लातूरला त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि शहर ओस पडतं, कारण सगळे शेतात गेलेले असतात. त्याची एक कड परभणीच्या गंगाखेड, पालम, सोनपेठ या पट्ट्यातही येते.

त्या वर्षी ही अमावस्या ११ जानेवारीला, गुरुवारी आली होती. आदल्या रात्री गावात पोचले, अंथरुणावर पडून फोन चाळत होते, तर मोरोक्कोतली एक बातमी समोर आली. तिथे १४ जानेवारीला पहिल्यांदाच 'अमाझिग नववर्षा'ची सरकारी सुट्टी मिळणार होती. शेजारच्या अल्जीरियात ती २०१८ पासून आहे, १२ जानेवारीला. म्हणजे गुरुवारी येळवस, शुक्रवारी अल्जीरियाचं नवं वर्ष, रविवारी मोरोक्कोचं आणि सोमवारी, १५ तारखेला, आपली संक्रांत. चार शेतकरी सण पाच दिवसांत. हा योगायोग होता, पण पुढे वाचत गेले तसतसं कळत गेलं की यातला थोडा भाग योगायोग नाही.

तेरा दिवस मागे

अमाझिग म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मूळचे लोक. मोरोक्कोपासून लिबियापर्यंत आणि खाली सहाराच्या वाळूतही ते पसरलेले आहेत. बाहेरचे त्यांना 'बर्बर' म्हणत आले, आणि ते नाव त्यांच्यातल्या अनेकांना आवडत नाही. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. त्याचा अर्थ 'स्वतंत्र माणूस' असा सांगतात. त्यांच्या नव्या वर्षाचं नाव येन्नायर.

या शब्दात आपला जानेवारी लपलेला आहे. येन्नायर, फुरार, मेघ्रेस, येब्रिर अशी त्यांच्या शेतकरी महिन्यांची नावं लॅटिनमधून आलेली आहेत. पंचांगही तिकडचंच, ज्युलियस सीझरने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये सुरू केलेलं. त्या पंचांगात वर्ष बरोबर सव्वातीनशेपासष्ट दिवसांचं, म्हणजे ३६५ दिवस आणि सहा तासांचं धरलं होतं. खरं ऋतुवर्ष त्याहून अकरा मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण सोळाशे वर्षांत त्यांचे दिवस झाले. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने दुरुस्ती केली आणि आज आपल्या फोनवर असलेलं कॅलेंडर आलं. उत्तर आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी पेरणी-कापणीसाठी जुनंच धरून ठेवलं. आज ते तेरा दिवस मागे आहे, म्हणून त्यांची १ जानेवारी आपल्या १४ जानेवारीला येते. अल्जीरियात १२ तारीख रूढ झाली.

आता संक्रांत बघा. सूर्य मकर राशीत जातो तो क्षण आपण ताऱ्यांवरून मोजतो. ताऱ्यांवरून मोजलेलं वर्षही ऋतुवर्षापेक्षा थोडं मोठं भरतं, सुमारे वीस मिनिटांनी. त्यामुळे संक्रांतही इंग्रजी तारखेपुढे हळूहळू सरकत जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. आज संक्रांत १४ किंवा १५ तारखेला असते. सीझरचं वर्ष आणि ताऱ्यांचं वर्ष यांत फरक आहे तो फक्त नऊ-दहा मिनिटांचा. म्हणून येन्नायर आणि संक्रांत शतकानुशतकं जवळजवळ जोडीने सरकत आलेत, एकमेकांना न ओळखता.

येन्नायरला करतात काय? जेवतात. सात भाज्या घातलेला कुसकुस असतो. मोरोक्कोच्या सूस भागात तगुला नावाची धान्याची घट्ट पेज करतात आणि तिच्यात खजुराची एक बी लपवतात. ज्याच्या घासात ती बी येते, त्याचं वर्ष भाग्याचं. पोट भरेस्तोवर जेवायचं, कारण आज जसं जेवाल तसं वर्ष जाईल. काही ठिकाणी लहान मुलाचे पहिले केस या दिवशी कापतात. एका म्हातारीची गोष्टही सांगतात. थंडी संपली म्हणून तिने येन्नायरला टोमणा मारला, आणि त्याने चिडून फुरारकडून एक दिवस उसना घेतला, तिला गारठवण्यासाठी.

वाचून मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात तेव्हाच भांडी वाजायला लागली होती.

कोप, पाच दगड, आंबील

रात्री तीनपासून घरातल्या बायका चुलीपाशी होत्या. मैत्रिणीच्या मामी भज्जी करत होत्या. ही आपली खमंग भजी नव्हे. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेतात मिळतील त्या पालेभाज्या, चिंच, बेसन असं सगळं एका मोठ्या पातेल्यात शिजत होतं. बाजूला बाजरीचे उंडे, ज्वारीच्या भाकरी, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. आणि मातीच्या मडक्यात आंबील, ज्वारीचं पीठ आणि ताक आंबवून केलेली, जिरं-लसणाच्या वासाची. सकाळी ही सगळी शिदोरी डोक्यावर घेऊन बायका, मागे पोरं, त्यांच्यामागे मोटरसायकली, अशी वरात शेताकडे निघाली.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी होती. कोप म्हणजे माणूस वाकून आत जाईल एवढीच खोपटी. आत पाच दगड चुन्याने रंगवून मांडले होते. हे पाच पांडव. त्यांची पूजा झाली, काळ्या आईची ओटी भरली. मग मामांनी एका हातात आंबिलीचं भांडं घेतलं आणि ज्वारीच्या ताटांवर ती शिंपडत शेताला फेरी मारली. मागून पोरं ओरडत होती. शब्द मला कळेनात. मराठी वाटत होते, पण नव्हते.

"याचा अर्थ काय हो?" मी आजींना विचारलं.

"अर्थ कशाला लागतोय माय?" त्या म्हणाल्या. "शेताला कळतंय."

ती आरोळी कानडी वळणाची आहे. सणही तिकडचाच सोबती. बिदर, कलबुर्गी भागात याच अमावस्येला 'एळ्ळ अमावास्ये' म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. त्या एळ्ळचं येळ झालं, येळचं वेळ झालं, आणि 'वेळ' शब्दाशी या सणाचा काही संबंध नसताना पंचांगात तसंच छापलं जाऊ लागलं. मराठवाडा, बिदर, कलबुर्गी हा सगळा मुलूख एकेकाळी एकाच हैदराबाद संस्थानात होता, आणि त्याआधी बहमनी राज्यात. भाषेची सीमा नंतर आली, शेत आधीच होतं.

२०२३ चा पाऊस वाईट होता. त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. मामांची ज्वारी 'परभणी मोती', म्हणजे तिथल्याच कृषी विद्यापीठाने काढलेलं रब्बीचं वाण. चांगल्या वर्षी तिच्यात शिरलेला माणूस दिसत नाही म्हणे. या वर्षी ती माझ्या छातीपर्यंत होती आणि जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. तरी शंभरेक माणूस जेवलं. रस्त्याने जाणारा ट्रकवाला थांबवून जेवू घातला. नको म्हणायची सोयच नसते.

जेवणाआधी चुलीवर दूध ठेवलं होतं. ते मुद्दाम उतू जाऊ देतात. ज्या दिशेला उतू जाईल तिकडून पुढच्या वर्षी पाऊस चांगला येणार. सगळे पातेल्याभोवती वाकून उभे होते. मला खजुराची बी आठवली.

मी आजींना पुन्हा विचारलं, "मग हे नवं वर्षच की नाही? शेताचं?"

त्या हसल्या. "नवं कशाचं माय? शेताचं वर्ष कुठं संपतंय का? एक पीक निघालं की दुसरं पेरायचं."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. येळवशीला कुणी नवं वर्ष म्हणत नाही. पण नव्या वर्षाच्या दिवशी माणूस जे करतो ते सगळं इथे होतं. मागच्याचे आभार मानणं, पुढच्याचा अंदाज घेणं, आल्यागेल्याला जेवू घालणं. फक्त त्याला आकडा नव्हता. यानंतर मला आकड्यांचा शोध घ्यावासा वाटला. शेताला आकडा लागत नसेल, तर तो कुणाला लागतो?

सरकारला सूर्य का लागला

दख्खनमध्ये सुलतानी सत्ता आली, तेव्हा तिच्याबरोबर हिजरी सन आला. हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ दिवसांचं. धार्मिक दिवस मोजायला ते चोख, पण शेतसारा घ्यायला अवघड. सूर्याच्या वर्षापेक्षा ते अकरा दिवसांनी लहान. रमजान जसा कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात येतो, तसंच सारा भरायचा दिवसही फिरत राहणार. शेतकऱ्याचे बत्तीस हंगाम होतात तेवढ्यात चंद्राची तेहेतीस वर्षं होतात. म्हणजे पीक बत्तीस वेळा आणि सारा तेहेतीस वेळा. हे शेतकऱ्याला परवडत नव्हतं, आणि रिकाम्या कणगीतून वसूल करायला गेलेल्या अंमलदारालाही.

यावर उपाय असा निघाला. एक हिजरी आकडा धरायचा, आणि तिथून पुढे मोजणी सूर्याच्या चालीने करायची. चौदाव्या शतकात, हिजरी ७४५ म्हणजे इसवी १३४४ च्या सुमारास, मुहम्मद तुघलकाच्या काळात दख्खनमध्ये असा एक सन सुरू झाला असं मानतात. त्याला शुहूर किंवा सुहूर सन म्हणतात, अरबी सनही म्हणतात. शिवकाळ आणि पेशवाईतली मोडी पत्रं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना तो आठवेल. आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे पानिपतचं साल. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांनी स्वतःचा राज्याभिषेक शक सुरू केला, तरी दफ्तरात सुहूर सन चालूच राहिला, कारण महसुलाचं सगळं गणित त्याच्यात बसलेलं होतं.

आणि या सनाचं नवं वर्ष कधी लागायचं? सूर्य मृग नक्षत्रात गेला की. म्हणून त्याला मृगसाल असंही नाव होतं. दिल्लीहून आलेला सुलतान असो की रायगडचा छत्रपती, हिशोबाचं वर्ष सुरू करायला त्यांनी शेतकऱ्याचाच दिवस घेतला. मिरग निघाला की वर्ष लागलं, असं म्हणणारा म्हातारा नकळत सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या सरकारी वर्षाची आठवण सांगत असतो. किंवा उलट म्हणा, ते सरकार त्याच्या पणजोबाच्या तोंडची गोष्ट लिहून घेत होतं.

फसली सनाचीही हीच गोष्ट. 'फसल' म्हणजे हंगाम, पीक. अकबराने उत्तरेत तो सुरू केला. दख्खनमध्ये तो आला शाहजहानच्या काळात, १६३६ मध्ये. तेव्हा हिजरी १०४६ चालू होतं. १६३६ मधून १०४६ वजा करा, ५९० उरतात. हा फरक तिथेच गोठला. पुढे निजामाच्या राज्यात फसली हा कारभाराचा मुख्य सन झाला. कायद्यांची नावं बघा, 'हैदराबाद जमीन महसूल कायदा, १३१७ फसली'. म्हणजे १९०७-०८. मराठवाडा ज्या सप्टेंबरात हैदराबादसह भारतात आला, तो १९४८ चा सप्टेंबर कचेरीतल्या कागदावर १३५७ फसलीत होता. तमिळनाडूच्या महसुली कागदांवर फसली साल आजही दिसतं.

पण निजामाच्या फसलीत एक बदल झालेला होता. वर्ष मृगापासून सुटून ऑक्टोबरात गेलं होतं आणि महिन्यांना इराणी नावं मिळाली होती. आजुर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी अशी. परभणीतला मराठी बोलणारा शेतकरी ज्वारी पेरायचा आश्विन-कार्तिकात आणि पावती घ्यायचा आजुरात. कचेरीची भाषा आधी फारसी होती, १८८० च्या दशकात उर्दू झाली. महिन्यांची नावं शेतकऱ्याच्या तोंडी कधी बसली नाहीत. फसल हा शब्द मात्र बसला.

आकडा नंतर येतो

अमाझिगांच्या महिन्यांना रोमन नावं आहेत आणि रोमन साम्राज्य जाऊन दीड हजार वर्षं झाली. आपल्याकडच्या जुन्या सातबाऱ्यांच्या पूर्वजांवर इराणी महिने आहेत, त्यांचा आकडा अरबी हिजरीतून निघालेला, आणि ज्यांनी तो काढला ती राज्यं उरली नाहीत. सत्ता जाते तेव्हा पंचांगाचं कवच मागे राहतं. आत राहणारा शेतकरीच असतो.

आता येन्नायरच्या आकड्याची गंमत. २०२४ च्या येन्नायरला २९७४ साल लागलं. एवढा जुना सन कुणाचा? तर शोशेंक या फॅरोचा. लिबियाकडच्या वंशातला हा माणूस इजिप्तच्या गादीवर बसला आणि त्याने बाविसावं राजघराणं स्थापन केलं. ही घटना साधारण इसवी सनापूर्वी ९५० ची धरून तिथून मोजणी केली. पण ही मोजणी जुनी नाही. तिच्यामागे १९६० च्या दशकात पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या बर्बर अकादमीच्या वर्तुळातली माणसं होती, आणि अम्मार नेगादी या अल्जीरियन कार्यकर्त्याने असं पहिलं कॅलेंडर १९८० मध्ये छापलं. त्याच वर्षी अल्जीरियात मुलूद मामेरी या लेखकाचं कबाइली कवितेवरचं व्याख्यान सरकारने रद्द केलं आणि तिझी उझू शहरात मोठं आंदोलन पेटलं. स्वातंत्र्यानंतर देशाची भाषा एकच, अरबी, असं सरकार म्हणत होतं. आपलीही भाषा आहे, आपणही इथले आहोत, हे सांगायला त्यांनी एक आकडा शोधला. पुढे २०११ मध्ये मोरोक्कोने आणि २०१६ मध्ये अल्जीरियाने त्यांच्या भाषेला अधिकृत दर्जा दिला. सुट्टी त्यानंतरची.

म्हणजे सण जुना, आकडा नवा. कुणी म्हणेल, मग हा बनाव झाला. मी तसं म्हणणार नाही. आपला शालिवाहन शकही पाहा. तो इसवी ७८ पासून मोजतात, पण त्याला शालिवाहनाचं नाव जोडलं गेलं ते कित्येक शतकांनंतर. परभणीतून वाहणाऱ्या गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे, सातवाहनांची राजधानी. त्या राजांची आठवण आणि तो आकडा लोकांनी एकत्र बांधले. पाडव्याची गुढी त्या गाठीवर उभी आहे. आकडा नेहमीच नंतर येतो, आणि तो आणणाऱ्याला काहीतरी हवं असतं. सुलतानाला सारा हवा होता. अमाझिगांना मान हवा होता.

सालगड्याचं साल

जेवणं उरकल्यावर मी बांधावर बसले होते. कोपीच्या मागे एक चाळिशीतला माणूस उष्ट्या पत्रावळी गोळा करत होता. कोप कुणी बांधली, असं विचारलं तर म्हणाला, "म्या बांधली." दगडांना चुना लावला तोही त्यानेच. तो मामांकडे सालगडी होता. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. रक्कम ठरते, थोडी उचल आधी मिळते, काही धान्यही ठरतं, आणि मग वर्षभर पाणी, औत, गुरं, राखण सगळं त्याच्याकडे.

मी त्यालाही माझा प्रश्न विचारला.

"आमचं साल पाडव्याला, ताई," तो म्हणाला. "पाडव्याला हिशोब होतो. उचल फिटली तर माणूस मोकळा. नाय फिटली तर फिरून तिथंच."

"इथे कितवं साल?"

"ह्यांच्याकडं नववं."

मराठवाड्यात हे सर्रास असंच आहे. पाडवा जवळ आला की गावागावात सालगड्यांची साल ठरवायची बोलणी सुरू होतात. आपण ज्या दिवशी श्रीखंड खातो, त्या दिवशी एका माणसाचं वर्षभराचं मोल ठरत असतं. त्याच्यासाठी पाडवा खरोखरच नवं वर्ष आहे, आपल्यापेक्षा जास्त. गोडधोड झालं की आपण दुसऱ्या दिवशी जुन्याच कामाला लागतो. त्याचं घर, मालक, गाव सगळं त्या दिवशी बदलू शकतं.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याचा धाकटा भाऊ होता, व्हिडिओवर. भाऊ आणि भावजय दसऱ्यानंतर ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात गेले होते. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागातून दरवर्षी असे तांडे जातात, आणि येळवस त्यांना कधी शेतात मिळत नाही. ते परत येतात पाडव्याच्या आसपास. "कोप दाखव की," भाऊ म्हणाला. याने फोन फिरवला. पडद्यावर उसाच्या पाचटाची खोपटी होती आणि समोर कडब्याची कोप. दोन्ही एकाच उंचीच्या. एकीत देव राहतो एक दिवस, दुसरीत माणसं सहा महिने.

संध्याकाळी त्यानेच हेंडगा पेटवला. कडब्याची जाड पेंढी, तिला आग लावून शेताच्या कडेने पळायचं. इडापिडा जावी म्हणून. शेत मामांचं, पळत होता तो.

५९० मिळवा

रात्री मामांनी पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून दाखवला. त्या महिन्यात मराठवाड्यात घरोघरी असे कागद बाहेर निघत होते. निजामकालीन नोंदी शोधायला सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. कुणाचे पूर्वज कोणत्या जातीचे लिहिले आहेत, यावर आरक्षणाचं प्रमाणपत्र अवलंबून होतं. उर्दू आणि मोडी वाचता येणारी म्हातारी माणसं एकदम महत्त्वाची झाली होती. मामांचा कागद जमिनीचा होता, उर्दूतला. त्यांना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, पण आकडे कुणीतरी वाचून दिले होते. साल १३३८.

"हे शिवाजी महाराजांच्या आधीचं का काय?" त्यांच्या मुलाने विचारलं. तो बारावीला होता.

फसली आहे, मी म्हटलं, ५९० मिळव. त्याने फोनवर बेरीज केली. १९२८. त्याच्या पणजोबांचा काळ. एवढा वेळ कोपऱ्यात बसून गेम खेळणारा तो मुलगा कागदाजवळ सरकला.

तुमच्याही घरात असा कागद असेल तर हे लक्षात ठेवा. मराठवाड्यातल्या जुन्या कागदावर तेराशे-साडेतेराशेच्या घरातलं साल दिसलं, तर ते बहुधा फसली. ५९० मिळवा, आणि वर्ष मध्येच बदलतं म्हणून एक वर्षाचा फरक धरा. अरबी शब्दांतला सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००. शके असेल तर ७८. पाडव्याच्या आधीचा पौष-माघ असेल तर ७९.

या बेरजा करताना एक गोष्ट लक्षात येते. ज्या कागदावर साल आहे, त्यावर नाव आहे ते सारा भरणाऱ्याचं. जमीन कसायला राबणाऱ्या गड्याचं नाव त्यात नाही. आजच्या सातबाऱ्यावरही सालगड्याचं नाव लागत नाही. निजामाच्या काळातल्या नोंदी शोधत सगळा मराठवाडा फिरत होता, तेव्हा ज्यांच्या पूर्वजांपाशी जमीन नव्हती त्यांच्यातल्या अनेकांना शोधायला कागदच नव्हता. त्यांची वर्षं पाडव्यापासून पाडव्यापर्यंत गेली, एकेक बोलीवर, आणि बोली हवेत विरली. अमाझिगांनी आकडा शोधून काढला, कारण ज्याला आकडा नाही त्याला सरकार मोजत नाही, हे त्यांना कळलं होतं.

२०२४ चा पाडवा ९ एप्रिलला होता. चार दिवसांनी मी मैत्रिणीला फोन करून त्या गड्याबद्दल विचारलं. त्याने मामांकडेच दहावं साल धरलं होतं. उचल फिटली की नाही, ते तिला माहीत नव्हतं. हा व्यवहार कुठल्याही कागदावर नव्हता, म्हणून तेवढा इथे लिहून ठेवते. शके १९४६, चैत्र शुद्ध प्रतिपदा. फसली १४३३.